पात्राची नाही, आपली लेव्हल वाढवणारे गेम

सारीपाट:

गेली कित्येक वर्षं गेम खेळतोय. मध्यंतरी खेळून झालेल्या गेमची यादी चाळत होतो, तेव्हा एक गोष्ट खटकली. शंभर-शंभर तास घातलेले काही गेम मला आता धड आठवतही नाहीत. उलट दहा-पंधरा तासांत संपलेले दोन-चार गेम अजून डोक्यात ठाण मांडून बसलेत. असं का, याचा बरेच दिवस विचार करतोय.

मला सापडलेलं उत्तर सांगतो. विसरलेल्या गेममध्ये माझं पात्र मोठं होत होतं. तलवारीचा घाव जोरात बसायला लागला, चिलखत जाड झालं, आकडे वाढत गेले. आठवणीत राहिलेल्या गेममध्ये पात्र होतं तिथंच राहिलं आणि वाढलो तो मी. उद्या सेव्ह फाइल उडाली तरी त्यातलं माझ्याकडे जे आहे ते कुठं जात नाही.

याचं सगळ्यात निखळ उदाहरण म्हणजे आउटर वाइल्ड्स (२०१९). एका इवल्याशा सूर्यमालेत तुम्ही नवखे अंतराळवीर. शेकोटीशेजारी डोळे उघडतात, वर आकाशात एका हिरव्या ग्रहाजवळ काहीतरी फुटताना दिसतं. बावीस मिनिटांनी सूर्याचाच स्फोट होतो. पुन्हा तीच शेकोटी, पुन्हा तेच आकाश. नवं हत्यार नाही, किल्ली नाही, गुण नाहीत. पहिल्या फेरीत हाताशी जे यान असतं तेच शेवटच्या फेरीत. पुरेसं माहीत असेल तर एका फेरीत शेवट गाठता येतो. सगळा गेम म्हणजे ते ‘पुरेसं’ गोळा करण्याची धडपड. (यातली रहस्यं इथं फोडणार नाही, तुम्हीही फोडू नका.)

एकच प्रसंग सांगतो. ब्रिटल हॉलो नावाचा एक ग्रह आहे. आतून पोकळ, आणि पोटात कृष्णविवर. त्याच्या चंद्रावरून तप्त दगड येऊन आदळत राहतात आणि ग्रहाचं कवच तुकड्या-तुकड्यांनी आत कोसळत असतं. मी एका भिंतीवरचा मजकूर वाचत उभा होतो आणि पायाखालचा तुकडाच सुटला. गटांगळ्या खात सरळ कृष्णविवरात. खेळ संपला असं धरून मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडदा काळा झाला नाही. मी सूर्यमालेच्या पार टोकाला तरंगत होतो. यान तिकडे लांब राहिलेलं, सूर्य बोराएवढा. वळून पाहिलं तर जवळच एक जुनाट स्थानक. तिथं पोचलो, वाचलं, आणि या दोन जागांचा काय संबंध आहे ते कळलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यानंतर मी त्या विवरात मुद्दाम उड्या मारल्या. पडणं ही माझ्यासाठी वाट झाली होती, आणि गेममध्ये एक कणही बदललेला नव्हता.

हा गेम मुळात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅलेक्स बीचमने पदव्युत्तर प्रबंधासाठी सुरू केलेला प्रकल्प होता. म्हणजे आधी एक प्रश्न होता आणि गेम हे त्याचं उत्तर. खेळताना ते जाणवतं.

दुसरा माझा लाडका, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८). लुकास पोपने जवळपास एकहाती केलेला. सन १८०७. बेपत्ता झालेलं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज परत येतं, त्यावर जिवंत कुणी नाही. तुम्ही विम्याचा हिशेब करायला आलेले तपासनीस. साठ माणसांची यादी, एक चित्र, आणि एक घड्याळ. मृतदेहापाशी ते उघडलं की आधी काळोखात आवाज ऐकू येतात, मग मृत्यूचा तो एक क्षण गोठलेला दिसतो. कोण होता, कसा मेला, ते तुम्ही वहीत लिहायचं. तीन जणांचं बरोबर आलं की मगच गेम ‘बरोबर’ म्हणतो, त्यामुळे ठोकताळे मारून फार पुढं जाता येत नाही. मी एका खलाशाचं नाव त्याच्या झोळीवरच्या आकड्यावरून काढलं. आकडा सुरुवातीपासून डोळ्यांसमोर होता, बघायला मी चार तास लावले. सगळं चित्र फक्त दोन रंगांत, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखं. त्यामुळे नजर आपोआप रेषांवर जाते, बुटांवर, टोप्यांवर, कोण कुणाशेजारी उभा आहे यावर.

डार्क सोल्स (२०११) बद्दल सगळे अवघडपणाचं बोलतात. मला त्यातली लिफ्ट आठवते. कित्येक तास वर-वर झगडत गेलो होतो, एका चर्चमध्ये लिफ्ट सापडली, खाली उतरलो, आणि दार उघडल्यावर समोर फायरलिंक श्राइन. जिथून निघालो तीच जागा. त्या क्षणी डोक्यातला नकाशा जागच्या जागी बसला. पुढं किती तरी वेळ मी नकाशाशिवाय त्या जगात हिंडलो आणि चुकलो नाही.

आणि सेलेस्ट (२०१८). डोंगर चढणारी मॅडलिन, एक उडी, हवेत एक झेप. झेप वापरली की तिचे लाल केस निळे होतात, जमिनीला पाय लागला की पुन्हा लाल. शेकडो वेळा मेलो, पण प्रत्येक वेळी क्षणात परत उभा. त्यात एक ‘असिस्ट मोड’ आहे, गेमचा वेग कमी करायचा, झेपा वाढवायच्या, मरणच बंद करायचं. मी तो कधी उघडला नाही, आणि माझ्या मते कुणी उघडू नये. जे शिकायचं तेच गाळलं तर राहिलं काय?

या सगळ्या गेमचं एकच दुःख आहे. हे पुन्हा खेळता येत नाहीत. आउटर वाइल्ड्स मी दुसऱ्यांदा सुरू केला आणि अर्ध्या तासात बंद केला. मला सगळं माहीत होतं.

तुमचे असे गेम कोणते?

पाचवा कोन:

धागा आवडला. पण तुमच्या यादीत सगळ्यात मोठं नावच नाही.

टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्हने इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या संगणकावर लिहिला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे चक्क कंसांच्या चिन्हांनी काढले होते. सात आकार आणि एक खड्डा, बस्स. यात पात्र नाही, गोष्ट नाही, म्हणजे वाढणार ते फक्त खेळणाराच.

निन्टेंडोच्या १९८९ च्या आवृत्तीची कथा तर तुमच्या मुद्द्यासाठीच घडल्यासारखी आहे. लेव्हल २९ ला ठोकळे इतक्या वेगानं पडतात की बटण दाबून धरलं तर ते कडेपर्यंत पोचतच नाहीत. वर्षानुवर्षं सगळ्यांनी धरून चाललं होतं की इथं गेम संपतो, याच्यापुढं माणूस जाऊ शकत नाही. मग काही जणांनी बटण दाबून धरायचं सोडून भराभर टिचकवायला सुरुवात केली. मग त्याहून पुढची युक्ती निघाली. एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी एकामागून एक वाजवायची. पाठीमागून कंट्रोलरच अंगठ्यावर आपटतो. डिसेंबर २०२३ मध्ये एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलानं १५७ व्या लेव्हलपर्यंत नेऊन तो गेम अक्षरशः गोठवला. चौतीस वर्षं गेम तोच, एक ओळही कुणी बदलली नाही. माणसांची बोटं बदलली.

मी स्वतः रोज रात्री झोपण्याआधी दोन डाव खेळतो. लेव्हल १९ च्या पुढं टिकत नाही अजून. पण सहा महिन्यांपूर्वी मी फक्त पडणारा ठोकळा बघायचो, आता नजर आपोआप पुढच्या ठोकळ्यावर असते. हा बदल कधी झाला ते मला सांगता येणार नाही.

कंदील:

@सारीपाट, बाकी सगळं पटलं, सेलेस्टबद्दलचं अजिबात नाही. आणि यावर मला सविस्तर बोलायचंय.

माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय. अंगठा पूर्वीसारखा वळत नाही, पाच-सात मिनिटांनी कळ यायला लागते. सेलेस्ट मी वेग ७० टक्क्यांवर आणून खेळलो. उड्या मीच मारल्या, चुकाही माझ्याच होत्या. तिसऱ्या प्रकरणातली एक खोली ओलांडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तुम्ही जे शिकलात तेच मी शिकलो, फक्त माझ्या हाताला झेपेल अशा गतीनं.

आणखी एक. हा गेम ‘सोपा न केलेल्यांनाही’ गुपचूप मदत करतच असतो. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर तुम्हाला उडी मारता येते. कोपऱ्याला डोकं जरासं घासलं तर गेम तुम्हाला अलगद बाजूला सरकवतो. बनवणाऱ्यांनी हे स्वतःच उघडपणे सांगितलेलं आहे. म्हणजे खेळणाऱ्याला सांभाळून घेणं हे त्या गेमच्या हाडामांसात आहे. असिस्ट मोड हे त्याचंच पुढचं पाऊल.

रोपवे मध्येच अडकतो तो प्रसंग आठवतो का? मॅडलिनला धाप लागते, भीतीनं काही सुचत नाही. बरोबरचा थिओ तिला सांगतो की डोळ्यांसमोर एक पीस आण, श्वासानं ते तरंगत ठेव. आणि मग ते पीस आपल्याला बटणानं वर-खाली तरंगवायचं असतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी पलंगावर पडून तेच केलं. पीस आणलं डोळ्यांसमोर. गेममधून हातात काय उरतं असं तुम्ही विचारलंत, तर माझ्या हातात हे उरलं.

सारीपाट:

कंदील, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी चुकलो. ‘कुणी उघडू नये’ हे वाक्य मी माझ्या हातांपुरतं खरं मानून सगळ्यांना लागू केलं. शिकण्याची गती किती असावी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि गेमनं ते ठरवू दिलं हा त्याचा मोठेपणा. ते वाक्य मागे घेतो.

पाचवा कोन, कंट्रोलरच्या पाठीवर बोटं वाजवायची कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली असेल त्याला त्या रात्री झोप लागली नसेल.

रात्रपाळी:

मी वेगळ्या बाजूनं बोलते. रात्रपाळी करून घरी येते तेव्हा मला काही शिकायचं नसतं. दिवसभर, म्हणजे रात्रभर, शिकणं आणि चुका टाळणं हेच केलेलं असतं. तेव्हा मी स्टारड्यू व्हॅली (२०१६) उघडते. रोपांना पाणी घालते, कोंबड्यांना दाणा टाकते, पाऊस असेल त्या दिवशी पाणी घालायचं काम वाचतं म्हणून समुद्रावर मासे धरायला जाते. एरिक बॅरोन या एकाच माणसानं साडेचार वर्षं बसून त्यातलं चित्र न् चित्र, सूर न् सूर, सगळा कोड स्वतः केला. ती माया त्या गावात दिसते. यातून मी ‘वाढले’ का? माहीत नाही. शांत झोपले, एवढं नक्की.

आणि जर्नी (२०१२). दोन तासांचा गेम. वाळवंट, लांबवर डोंगर, अंगावर लाल वस्त्र. मधेच तुमच्यासारखंच आणखी कुणीतरी भेटतं. तो जगात कुठंतरी बसलेला खराखुरा माणूस असतो, पण नाव दिसत नाही, बोलता येत नाही. फक्त एक छोटासा सूर काढता येतो. शेवटाकडे बर्फ लागतो, वाऱ्यानं गळ्यातला दुपट्टा गोठून आखूड होत जातो. दोघं एकमेकांना चिकटून चाललं की दुपट्टा पुन्हा उजळतो. माझ्याबरोबर जो कुणी होता तो एका खडकाआड पोचलेला होता आणि मी मागे पडले होते. तो परत आला. वाऱ्यात उलटा चालत परत आला, माझ्याजवळ उभा राहिला, आणि मग आम्ही दोघं निघालो. शेवटी नामावलीनंतर वाटेत भेटलेल्यांची टोपणनावं दिसतात, तेव्हा त्याचं कळलं. मी ते कागदावर लिहून ठेवलंय. कधी संपर्क केला नाही. करायचाही नाही.

निवांत:

रात्रपाळीताई, जर्नीबद्दल +१.

डार्क सोल्सच्या आधीचा डीमन्स सोल्स (२००९) बनवताना त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांच्या मनातही असंच काहीसं होतं. बर्फात एका चढावर गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा मागच्या गाडीनं पुढच्या गाडीला ढकलत ढकलत सगळ्या वर चढवल्या. वर पोचल्यावर थांबून आभार मानायला जागाच नव्हती, कारण मग मागचे पुन्हा अडकले असते. अनोळखी माणसानं मदतीला यावं आणि काम झालं की नाहीसं व्हावं, ही त्या गेममधली रीत तिथून आली असं त्यांनी मुलाखतीत सांगितलंय.

माझा आवडता: ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७). वादळात धातूची ढाल पाठीवर असली की तिच्यातून ठिणग्या उडायला लागतात, आणि काढून ठेवली नाही तर वीज पडते. हे कळल्यावर मी शत्रूच्या तळात धातूची तलवार फेकली आणि लांब जाऊन बसलो. बाकी काम आभाळानं केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

बोरू:

डिस्को एलिझियम (२०१९) कसा राहिला?

शुद्ध हरपलेला एक पोलीस, एक खून, आणि त्याच्या डोक्यात बडबडणारी चोवीस कौशल्यं. लढाई जवळजवळ नाहीच, सगळं बोलण्यात. सुरुवातीलाच खोलीतल्या पंख्यावर टाय गरगरत असतो. माझ्या पोलिसाची तब्येत इतकी तोळामासा होती की तो टाय ओढून काढताना त्याचा जीव गेला. पहिल्या पाच मिनिटांत. त्यानंतर मी प्रत्येक वाक्य सावकाश वाचायला लागले.

इथं पात्राचे गुण वाढतात, पण ते वाढले की डोक्यातला तो आवाज जास्त बोलायला लागतो आणि कधीकधी चुकीचा सल्ला देतो. सहानुभूती वाढवली तर समोरच्याच्या मनातलं कळतं, तर्क वाढवला तर नसते वाद ओढवून घ्यावेसे वाटतात. मी स्वतः घरात वाद घालताना आता मनात म्हणते, हा कोणता आवाज बोलतोय? सारीपाट, तुमच्या व्याख्येत हे बसतं का बघा.

सारीपाट:

बसतं. माझ्या व्याख्येपेक्षा हे जास्त खोल आहे.

रात्रपाळी, स्टारड्यूशी माझं पूर्ण जमत नाही, हे मोकळेपणानं सांगतो. दोन महिने खेळलो, आणि मला तिथं रोजच्या कामांची यादी दिसायला लागली, गाव दिसेनासं झालं. पण तुमचं वाचून वाटतं की मी तिथंही आकडेच शोधत गेलो होतो. पाऊस पडला तर समुद्रावर जायचं, हे मला दोन महिन्यांत सुचलं नाही. मी पावसात खाणीत उतरायचो, दिवस फुकट जाऊ नये म्हणून.

जर्नीत परत आलेल्या त्या माणसाबद्दल काय लिहू? ते तसंच राहू द्या.

पाचवा कोन:

अजून एक राहिलाच, इनटू द ब्रीच (२०१८). आठ बाय आठचा पट, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू पुढच्या खेपेला नेमकं काय करणार ते तुम्हाला आधीच दाखवलेलं. नशीब जवळपास नाहीच. शत्रूला मारण्यापेक्षा एक घर सरकवलं की तो दुसऱ्याच शत्रूवर तोफ डागतो. एका चालीवर मी वीस मिनिटं बसलोय. बुद्धिबळ आवडणाऱ्यांनी खेळाच.

रात्रपाळी:

सारीपाट, वर तुम्ही लिहिलंत की आउटर वाइल्ड्स पुन्हा खेळता येत नाही. पुन्हा खेळू नका. ज्यानं खेळलेला नाही अशा कुणालातरी खेळायला बसवा आणि शेजारी बसा. एक अट: तोंड उघडायचं नाही. मी जर्नीच्या बाबतीत हे आईबरोबर केलंय.

सारीपाट:

(तीन आठवड्यांनी लिहितोय.)

रात्रपाळी, ऐकलं तुमचं. धाकट्या बहिणीला बसवलं. ती एरवी गेम खेळत नाही, कंट्रोलर कसा धरायचा इथून सुरुवात. पहिल्या तीन फेऱ्या यान उतरवण्यात गेल्या. सूर्यावर आपटली, चंद्रावर आपटली. मी ओठ आवळून बसलो होतो.

चौथ्या फेरीला ती वैतागली आणि म्हणाली, मला कुठल्याच ग्रहावर जायचं नाही, नुसतं लांब जायचंय. आणि नाक समोर धरून सूर्यमालेच्या बाहेरच निघाली. मनात म्हटलं, तिकडे काहीच नाही गं. बोललो नाही. बऱ्याच वेळानं तिनं यान थांबवलं, बाहेर येऊन तरंगत राहिली, मागे वळली आणि हातातली ती आवाज टिपणारी दुर्बीण सूर्याकडे रोखली.

मी त्या दुर्बिणीचा उपयोग फक्त शोधायला केला होता. बँजोचा आवाज आला की तिथं एक प्रवासी, ढोल आला की दुसऱ्या ग्रहावर दुसरा. एकेकाला हुडकायचं, भेटायचं, पुढं निघायचं. इतक्या लांबून सगळे ग्रह एकाच वर्तुळात मावत होते. बँजो, ढोल, बासरी, माउथ ऑर्गन, कुणाची तरी शीळ. वेगवेगळ्या ग्रहांवर एकेकटे बसलेले ते सगळे एकच गाणं वाजवत होते. एकाच तालात. मी हा गेम पूर्ण केलेला, मला सगळं माहीत होतं, आणि हे मी कधी ऐकलंच नव्हतं असं, इथून, सगळं एकत्र.

तिनं न बोलता एका कानातला इअरफोन काढून माझ्याकडे दिला. बावीस मिनिटं भरेपर्यंत आम्ही तसेच बसलो. सूर्य लाल झाला, आक्रसला, मग निळा प्रकाश आला. इतक्या लांब तो पोचायलाही वेळ लागला.

शेकोटी. डोळे उघडले.

“आता त्या बासरीवाल्याकडे जाऊ,” ती म्हणाली.

ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे तिथं काय आहे. मी काही बोललो नाही.